लेखी भूमिका-खेळाचं मोबाइल पान : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

साइटच्या नव्या रूपाचं काम आजपासून माझ्याकडे आलं. पुढे जे कोणी या कामात येतील त्यांना संदर्भ राहावा म्हणून आपण कुठून निघालो ते आधी लिहून ठेवते.

आपल्याकडे लोक लिहून खेळतात. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, प्रसंग मांडतो : पाऊस, पडका वाडा, आतून येणारा उजेड. मग प्रत्येक खेळाडू आपलं पात्र काय बोलतं, काय करतं ते लिहितो, लागेल तिथे फासे टाकतो आणि पाळी पुढच्याकडे जाते. एखादी पाळी दहा मिनिटांत होते, एखादीला चार दिवस लागतात. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला तो टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ म्हणून. लिहून खेळण्याचं नातं मात्र पत्रांतून चालणाऱ्या बुद्धिबळाशी जास्त जवळचं आहे. थांबणं, वाट पाहणं, मागचं पुन्हा वाचून काढणं हे सगळं यात मुळातच आहे. गप्पांच्या ॲपची मांडणी उचलून इथे लावली तर ती बसणार नाही, हे मला आत्ताच लिहून ठेवावंसं वाटतं.

सध्याचं पान रुंद पडद्यासाठी बांधलेलं आहे. डावीकडे पात्राचं चित्र, नाव, पातळी, आजवरच्या पोस्टची संख्या, उजवीकडे मजकूर, खाली प्रत्येकाची सही (पोस्टखाली आपोआप येणारा ठरलेला मजकूर). ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर डावी पट्टी तिसरा हिस्सा खाते आणि उरलेल्या जागेत एका ओळीत जेमतेम तीन मराठी शब्द मावतात. प्रत्यय जोडून आपले शब्द लांबतात, ‘किल्ल्यापाशीसुद्धा’ हा एकच शब्द अर्धी ओळ घेतो. बहुतेक मंडळी आता फोनवरच वाचतात आणि लिहितात. तेव्हा मुख्य पान फोनचं, आणि संगणकाचं पान त्यातून वाढवत न्यायचं, असं ठरवलं.

प्रतिक्रिया मागताना ‘पान आवडतं का’ हा प्रश्न विचारायचा नाही. विचारायचं ते असं : शेवटची पाळी कुठे बसून लिहिलीत, हातात कोणता फोन होता, मध्ये काय अडलं, अडल्यावर काय केलंत.

५ जून

उत्तरं यायला लागली. सुरुवातीला येतं ते अपेक्षित आहे : रंग जुनाट वाटतात, अक्षर बारीक आहे, मेन्यू सापडत नाही. पण ‘कुठे बसून लिहिलीत’ या प्रश्नाच्या उत्तरांतून साइटचं खरं चित्र दिसलं. डोंबिवलीहून दादरला येताना उभ्याने लिहिणारे आहेत. मुलाला झोपवून अंधारात, फोनचा उजेड अगदी कमी करून लिहिणारी आई आहे. न्यू जर्सीतला खेळाडू जेवणाच्या सुट्टीआधी लिहून टाकतो, कारण तिकडे सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा इकडे रात्रीचे नऊ झालेले असतात आणि मोहिमेतले, म्हणजे एकाच कथेत खेळणाऱ्या गटातले, बाकीचे तेव्हा जागे असतात. कुडाळची एक खेळाडू मांडवी एक्सप्रेसमध्ये बसून लांबलचक पाळ्या लिहिते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान निघाली आणि कोणीही ती तक्रार म्हणून सांगितली नव्हती. पाळी आधी नोट्समध्ये किंवा स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशात लिहायची, पूर्ण झाली की कॉपी करून आमच्या रकान्यात चिकटवायची. जवळजवळ सगळे असंच करतात. सवय म्हणून सांगतात, कुरबुर नाही.

मला हीच सगळ्यांत मोठी प्रतिक्रिया वाटते. लिहिण्यासाठी दिलेल्या जागेवरच लोकांचा विश्वास उरलेला नाही. रंग, मेन्यू, चित्रं यांचं काम होईल, पण जोवर माणूस निर्धास्तपणे थेट आमच्या रकान्यात लिहीत नाही तोवर हा प्रकल्प पुरा झाला असं मी धरणार नाही.

९ जून

काही खेळाडूंना फोनचा पडदा शेअर करून एक पाळी खेळायला सांगितली. मी गप्प राहून पाहायचं, मदत करायची नाही, एवढाच नियम. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच माणसांसोबत चाचणी केली तरी बहुतेक ढोबळ अडचणी कळतात. ढोबळ अडचणींपुरतं ते इथेही पटलं. पण आपल्याकडे फोनच इतक्या तऱ्हेचे आहेत की मी मुद्दाम वेगवेगळे फोन वापरणारी माणसं निवडली, माणसांची संख्या हा मुद्दा नव्हता.

पाहिलेलं थोडक्यात : बहुतेक जण एकाच अंगठ्याने काम करतात. ‘पाठवा’ शोधायला प्रत्येकाला कीबोर्ड खाली घ्यावा लागला. आयफोनवर लिहायला बोट ठेवलं की पान मोठं होऊन एका बाजूला सरकलं, आणि मग खेळाडू दोन बोटांनी ते जागेवर आणत बसला. आपली पाळी आली आहे की नाही हे पानावर कुठेच लिहिलेलं नाही. सगळे शेवटच्या पोस्टपर्यंत खाली जाऊन, कोणी काय लिहिलंय ते वाचून अंदाज बांधतात.

मध्येच एकीला फोन आला. बोलणं संपवून ती परत आली तेव्हा पान नव्याने उघडलं आणि रकाना कोरा होता. “ताई, बघितलंत ना? म्हणून मी इथे लिहीत नाही,” एवढंच ती म्हणाली आणि नोट्स उघडून पुन्हा लिहायला लागली.

१४ जून

मजकूर हरवण्याची कारणं एकेक करून शोधली. कारण एक नाही, म्हणूनच आजवर हे प्रकरण हाती लागत नव्हतं.

पहिलं कारण फोनची स्मृती. कमी रॅमच्या फोनवर दुसरं ॲप पुढे आलं की ब्राउझर मागचं पान सोडून देतो आणि परत आल्यावर ते नव्याने आणतो. रकान्यातलं लेखन तेव्हा जातं. दुसरं कारण आमचंच सुरक्षेचं कुलूप. पान उघडताना सर्व्हर एक खूणचिठ्ठी देतो, ठरावीक वेळाने ती बाद होते, आणि निवांत तासभर लिहून पाठवणाऱ्याला ‘फॉर्म अवैध आहे’ असा कोरडा संदेश मिळतो. जो माणूस सगळ्यांत मन लावून लिहितो त्यालाच हा दणका बसतो, हे मला फार लागलं. तिसरं कारण मागे जाण्याची खूण : पडद्याच्या कडेवरून अंगठा सरकला की पान मागे जातं.

ठरवलेला उपाय असा. लिहिता लिहिता दर काही सेकंदांनी मजकूर फोनमध्येच साठवायचा, आणि इंटरनेटचं जाळं असेल तेव्हा सर्व्हरवरही मसुदा म्हणून ठेवायचा. नुसत्या फोनवर विसंबून चालणार नाही. ॲपलचा सफारी ब्राउझर ज्या साइटकडे ७ दिवस कोणी फिरकलं नाही तिचा असा साठा २०२० पासून पुसून टाकतो, आणि आपल्याकडे चार-चार दिवसांच्या पाळ्या आहेत, त्यात सणवार आले की आठवडा सहज उलटतो. खूणचिठ्ठी बाद झाली असेल तर मजकूर हातात धरूनच नवी चिठ्ठी गुपचूप आणायची. खेळाडूला त्याचा पत्ताही लागू नये.

रकान्याखाली लहान अक्षरांत ‘जतन झालं, ९.४२’ अशी वेळ दिसेल. ही ओळ मी कोणालाही काढू देणार नाही. माणसाला विश्वास त्या ओळीनेच येणार आहे.

१७ जून

छोटी कामं. लिहिण्याच्या रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेल केलं. आयफोनवर त्याहून लहान अक्षराच्या रकान्यात बोट ठेवलं की पान आपोआप मोठं होतं, वाचता यावं म्हणूनच ते तसं ठेवलेलं आहे. सहकाऱ्याने पान मोठं करण्यावरच बंदी घालायचं सुचवलं, ते मी नाकारलं. दोन बोटांनी अक्षर मोठं करून वाचणारे आमच्यात कमी नाहीत.

‘पाठवा’ तळाला होतं. कीबोर्ड वर आला की ब्राउझर मांडणी तशीच ठेवून फक्त दिसणारा भाग लहान करतो आणि तळाला चिकटवलेलं बटण कीबोर्डमागे जातं. लिहिताना ते वरच्या पट्टीत नेलं. बटणांचा आकार ४८ पिक्सेल : ॲपल ४४ सांगतं, अँड्रॉइडची शिफारस ४८ ची आहे आणि २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या नियमावलीतली किमान मर्यादा २४ आहे. धावत्या लोकलमध्ये २४ पुरत नाहीत.

२३ जून

रंगांवर सविस्तर लिहायला हवं, कारण इथे खेळाडूंचा जीव गुंतलेला आहे.

लेखी खेळात पात्राचा रंग असतो. एखादीची वैद्यीण कायम हिरव्यात बोलते, कोणाचा म्हातारा सरदार मरून रंगात. बीबीकोडने (मजकुराला रंग-रूप देण्याच्या साध्या खुणांनी) रंग देऊन संवाद लिहायची ही रीत जुनी आहे आणि वर्षभर चाललेल्या मोहिमेत नाव न वाचताही कोण बोलतंय ते रंगावरून कळतं. आता अंधाऱ्या थीमची मागणी जोरात आहे, रात्री लिहिणाऱ्या आईची तर पहिली मागणी तीच होती. पण पांढऱ्या पानावर निवडलेले रंग काळ्यावर टिकत नाहीत. मरूनचा पांढऱ्यावरचा ठळकपणा, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, सुमारे १०.९ ला १ भरतो, काळ्यावर तो १.९ वर येतो. नेव्ही निळा पांढऱ्यावर १६ आणि काळ्यावर १.३. साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. म्हणजे थीम बदलली की म्हातारा सरदार गप्पच होणार.

उलट बाजूही आहे. काही जण आजच ब्राउझरची जबरदस्तीची अंधारी थीम वापरतात आणि तिथे शोभेल असा पिवळा निवडतात. पांढऱ्यावर पिवळ्याचा ठळकपणा १.०७ आहे, म्हणजे इतरांना तो मजकूर दिसतच नाही. एका मोहिमेत दोन खेळाडूंमध्ये यावरून खरोखर कडाक्याचं वाजलं होतं. दोघांनाही समोरचा मुद्दाम करतोय असं वाटत होतं.

सगळे रंग काढून टाकावेत अशी एक सूचना आली. मला ती मान्य नाही. तो रंग खेळाडूने पात्राला दिलेला आवाज आहे, आणि आमच्या सोयीसाठी तो काढून घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. मार्ग असा काढला : रंगाचे तीन भाग करायचे, छटा, तीव्रता आणि उजळपणा. रंग मांडण्याच्या ओकेएलसीएच पद्धतीत हे सरळ करता येतं. छटा खेळाडूची तशीच ठेवायची, उजळपणा मात्र वाचणाऱ्याच्या पार्श्वभूमीप्रमाणे ४.५ गाठेपर्यंत वरखाली करायचा. मरून काळ्यावर विटकरी-गुलाबी होतो, नेव्ही आकाशी होतो. साठवलेला मूळ रंग बदलायचा नाही.

आणि फक्त रंगावर भिस्त ठेवायची नाही. लाल-हिरवा फरक न दिसणारा एक खेळाडू आमच्यात आहे, आजवर तो संवाद कोणाचा ते संदर्भाने ओळखत आला. प्रत्येक रंगीत संवादाच्या सुरुवातीला आता पात्राचं नाव बारीक अक्षरात येईल.

२४ जून

रंगाचे नमुने मोहिमांच्या डीएमना पाठवले. नागपूरचे डीएम काका म्हणाले की त्यांच्या खलनायकाचा काळपट जांभळा काळ्या पानावर फार गोड दिसायला लागला आहे. बरोबर आहे त्यांचं. तीव्रता थोडी उतरवून पाहिली, मग जमलं.

२७ जून

अक्षरांचं काम. इंग्रजीतल्या लेखी खेळांतून आलेली एक पद्धत आहे : पात्राच्या मनातले विचार तिरप्या अक्षरात लिहायचे. बहुतेक देवनागरी फॉन्टना वेगळं तिरपं रूप नसतं, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकडं करतो. दोन शब्दांपुरतं ते चालतं. पण आमच्याकडे पात्रं परिच्छेदभर विचार करतात आणि लहान पडद्यावर मात्रा, वेलांट्या एकमेकींत घुसतात. विचारांसाठी आता वेगळी खूण आहे : डावीकडे एक बारीक उभी रेघ, अक्षर सरळच, थोडं फिकं. पाहताक्षणी कळतं आणि वाचवतंही.

ओळींमधलं अंतर १.३ वरून १.७ वर नेलं. लॅटिन लिपीच्या सवयीने बांधलेल्या पानांवर आपल्या मात्रा वरच्या ओळीला टेकतात आणि उकार खालच्या ओळीला. लिंकच्या खालची रेघ उकारांना कापत जात होती, ती खाली सरकवली. मथळ्यांत अक्षरांमध्ये सुटं अंतर दिलं होतं, त्याने शिरोरेषाच तुटते, ते काढलं. पानाची भाषा म्हणून मराठी नोंदवली, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतात तिथे तेच दिसतील. हे अनेकांना किरकोळ वाटतं. मला वाटत नाही, लहानपणी गिरवलेलं अक्षर समोर आलं की डोळा अडत नाही.

फॉन्ट पारखताना ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘उद्ध्वस्त’, ‘शृंगी’, ‘राष्ट्र’ हे शब्द नेहमी घ्यायचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ मुख्य मजकुराला ठेवला. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, तेव्हा फक्त दोनच जाडी घेतल्या आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरात मजकूर दिसेल अशी सोय केली. वाचणाऱ्याला कोरं पान दाखवायचं नाही.

१ जुलै

एकच पाळी दोनदा, कधी तीनदा पडते ही डीएम मंडळींची जुनी तक्रार. कुडाळच्या ताईंशी बोलताना उलगडा झाला. कोकण रेल्वेवर बोगदेच बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. ‘पाठवा’ दाबलं आणि गाडी आत शिरली, तर मजकूर सर्व्हरला पोचतो, पण ‘पोचलं’ हे उत्तर परत येत नाही. फोनवर चक्र फिरत राहतं. बाहेर आल्यावर माणूस पुन्हा दाबतो. त्याची काहीच चूक नाही.

आता लिहायला घेताना प्रत्येक पाळीला एक क्रमांक मिळतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी पोस्ट न करता पहिलीच दाखवतो. जाळं नसेल तर ‘पाळी तयार आहे, जाळं आलं की जाईल’ असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. कर्जत-लोणावळा घाटात एका सहकाऱ्याने तपासून पाहिलं, व्यवस्थित चालतंय.

८ जुलै

फाशांचं बटण. फासे सर्व्हरवर पडतात आणि एकदा पडले की बदलता येत नाहीत. हा खेळाच्या सचोटीचा भाग आहे आणि तो तसाच राहील. पण बटण होतं ‘ठळक अक्षर’ आणि ‘चित्र’ यांच्या मधोमध. चुकून बोट लागलं तरी फासे पडायचे. त्यावर डीएमची विनवणी, इतरांचा संशय, आणि वातावरण बिघडायचं.

खात्री करून घेणारी एक चौकट मध्ये घालावी असं सुरुवातीला ठरत होतं. पण अशा चौकटीवर लोक न वाचताच ‘हो’ दाबतात. म्हणून वेगळा विचार केला. लिहिताना बटण दाबलं की मजकुरात फक्त जागा राखली जाते : ‘२ फासे, सहा बाजूंचे, अधिक ३’. ती खोडता येते, बदलता येते. फासे खरे पडतात ते पाळी पाठवल्यावर. निकाल माहीत नसतानाच कृती लिहावी लागते, त्यामुळे लेखनही प्रामाणिक होतं. निकाल नुसता आकडा म्हणून येत नाही : ४ आणि ५, अधिक ३, एकूण १२ असा पूर्ण दिसतो.

ही कल्पना मोहीम चालवणाऱ्यांना सर्वांत जास्त आवडली.

११ जुलै

फोनवर सह्या डीफॉल्ट बंद. हवं त्याने चालू करून घ्यावं. पात्राचं चित्र नावाशेजारी लहान, दाबलं की मोठं होतं. चित्रं स्वतः काढणाऱ्या एक-दोघी नाराज झाल्या. त्यांच्यासाठी मोहिमेच्या पहिल्या पानावर पात्रांची सचित्र ओळख पूर्ण रुंदीत दिली आहे.

१९ जुलै

पात्राचा तक्ता. बळ, चपळाई, बुद्धी, शस्त्रं, सामान, जखमा, मंत्र. संगणकावर सात रकान्यांची सारणी, फोनवर आडवी सरकवत न्यावी लागते. डब्ल्यूसीएजीनुसार ३२० पिक्सेल रुंदीत आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे. सारण्यांना त्यातून सूट आहे. सूट घ्यायची नाही असं ठरवलं. खेळाडू तक्ता पाठ करायला उघडत नाही, त्याला लिहिता लिहिता एकच गोष्ट पाहायची असते : माझी चपळाई किती, बाण किती उरले. तेवढ्यासाठी लिहिण्याचं पान सोडून जावं लागू नये.

म्हणून रकान्याच्या वर एक पट्टी दिली, ती ओढली की तक्ता लेखनाच्या वरच उघडतो, लेखन मागे तसंच राहतं. प्रत्येक गोष्ट आपल्या ओळीत, नाव डावीकडे, आकडा उजवीकडे. कोणत्या गोष्टी वर हव्यात ते खेळाडूच ठरवतो. धनुर्धराला बाण, मांत्रिकाला उरलेले मंत्र.

त्याच पट्टीत पाळी कोणाची तेही आलं. ‘तुमची पाळी’ किंवा ‘वैद्यीण लिहितेय’. डीएम हवं तेव्हा क्रम बदलतो. मला वाटतं हे साइटवर फार आधी असायला हवं होतं.

२९ जुलै

पानं की न संपणारी यादी, हा वाद आज मिटवला. तरुण खेळाडूंचा आग्रह होता की खाली सरकत जावं आणि पुढचं आपोआप यावं. मी विरोधात होते आणि आहे. मोहीम ही कथा आहे. वाचणारा अर्ध्यावर थांबतो, आठवड्याने परत येतो, आधीच्या पानावरचा दाराचा सांकेतिक शब्द शोधतो. न संपणाऱ्या यादीत त्याला परत त्याच जागी येणं अवघड, आणि तिथे असलेली एखादी पाळी दुसऱ्याला दाखवणंही.

पण त्यांचं म्हणणं नीट ऐकल्यावर कळलं की ‘पुढे’ हे बटण बारीक आहे आणि दर पानाच्या सुरुवातीला मथळा, नियम, सूचना हे सगळं ओलांडावं लागतं, याचा त्यांना वैताग आहे. तो रास्त आहे. पानं राहिली. पुढच्या पानावर थेट पहिली पाळी दिसते, ‘पुढे’ पूर्ण रुंदीचं आहे, आणि मोहीम उघडली की ‘इथून पुढे वाचा’ नेमकं पहिल्या न वाचलेल्या ओळीशी नेतं. फोनवर वाचायला घेतलेलं संगणकावर तिथूनच पुढे सुरू होतं.

६ ऑगस्ट

एका मोहिमेसाठी नवं रूप चालू केलं. तासाभरातच एक पाळी अर्धी कापलेली आली. खेळाडूने तिसऱ्या ओळीत फाशाचा इमोजी टाकला होता आणि त्यापुढचं सगळं गायब. आपल्या डेटाबेसची जुनी रचना एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षरचिन्ह ३ बाइटमध्ये बसतं, म्हणून इतकी वर्षं मराठी सुखरूप राहिली. त्या इमोजीला ४ लागतात, तिथे मजकूर तुटतो. संगणकाच्या काळात कोणी इमोजी टाकत नव्हतं, फोनच्या कीबोर्डवर तो हाताशीच असतो.

मसुदा वेगळ्या साठ्यात असल्यामुळे पूर्ण पाळी शाबूत होती. खेळाडूला ती लगेच परत देता आली. सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने रात्री सगळे तक्ते ४ बाइटच्या रचनेत हलवले.

८ ऑगस्ट

किमान लांबीचा नियम. काही डीएम ‘निदान २०० अक्षरं लिहा’ असं बंधन घालतात. मोजणारा मात्र ‘क्षी’ला चार मोजत होता : क, हलंत, ष, वेलांटी. जोडाक्षर एक धरायचं की दोन, याबाबत जुन्या आणि नव्या ब्राउझरांत फरक आहे. तेव्हा अक्षरं सोडून शब्द मोजायचे. डीएमना तेच सोयीचं वाटलं.

१६ ऑगस्ट

पुन्हा तेच प्रश्न विचारले : शेवटची पाळी कुठे बसून लिहिलीत, मध्ये काय अडलं. पूर्वी पाळी चिकटवणाऱ्यांपैकी बरेच जण आता थेट रकान्यात लिहितात. सगळे नाहीत. डोंबिवलीचे दादा म्हणाले की त्यांना नोट्समध्येच लिहायला बरं वाटतं, तिथे मागच्या पाळ्याही एकत्र सापडतात. ही अडचण नाही, पसंती आहे. मात्र त्यातून एक मागणी निघाली : आपण लिहिलेल्या सगळ्या पाळ्या एका फाइलमध्ये उतरवून घेता याव्यात. मागणी योग्य आहे. लेखन त्यांचं आहे. पुढच्या टप्प्यात पहिली घेतली.

रात्री लिहिणाऱ्या आईने लिहिलं आहे की अंधारी थीम छान आहे, पण पान उघडताना क्षणभर पांढरा उजेड चमकतो आणि बाळ चुळबुळतं. पार्श्वभूमीचा रंग स्टाइलशीट येण्याआधीच लागेल असं केलं. आजच चढवलं.

२१ ऑगस्ट

टॉकबॅक (अँड्रॉइडवर पडदा वाचून दाखवणारी सोय) वापरून खेळणाऱ्या एका दृष्टिहीन खेळाडूने सविस्तर नोंदी पाठवल्या आहेत. त्या वाचून कामाची पुढची दिशा ठरली. पात्राचं नाव संवादाआधी आल्यामुळे आता कोण बोलतंय ते ऐकून कळतं, हे त्यांना उपयोगी पडलं. पण एकच पात्र सलग चार वाक्यं बोललं की नाव चारदा ऐकू येतं. विचारांची उभी रेघ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ‘जतन झालं’ ही ओळ दर काही सेकंदांनी उच्चारली जाते आणि लिहिताना सारखा व्यत्यय येतो.

त्यावर केलेलं : सलग संवादात नाव एकदाच. विचारांच्या आधी आणि नंतर फक्त ऐकू येणारी खूण. जतनाची ओळ आपणहून बोलणार नाही, तिच्यावर बोट नेलं तरच. जतन फसलं तर मात्र लगेच सांगेल. फाशांचा निकाल पाळी पोचताच वाचून दाखवला जाईल, कारण त्याची वाट सगळेच पाहत असतात.

तक्त्याची पट्टी ओढून उघडावी लागते, ते त्यांना जमत नाही. तिथे साधं बटणही हवं. सोमवारी ते काम घेते, आणि बटणाची जागा त्यांना विचारूनच ठरवणार आहे.